टाकीच्या तोंडाशी

१

आमच्या स्वप्नालीताईनं लग्न केलं उल्हास नावाच्या माणसाशी आणि संसार केला टेलिफोनशी, असं आई म्हणायची. दाजी जहाजावर इंजिनियर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात, उरलेले पुण्याला ताईच्या घरी पाहुण्यासारखे. आले की पहिले पंधरा दिवस कौतुकात जायचे, पुढचे पंधरा भांडणात, आणि मग परत जायची बॅग भरायला घ्यायची.

हे बारा वर्षं चाललं. मग दाजींनी जहाज सोडलं. सिंगापूरला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात नोकरी घेतली. बंदरात जहाज आलं की जाऊन तपासायचं आणि संध्याकाळी घरी. ताई लेकीला, वल्लरीला, घेऊन आली, बेडोकला फ्लॅट घेतला भाड्यानं. मी आधीपासून तिथंच होतो, तांजोंग पगारला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात दिवसभर चुका काढायच्या. ताई म्हणते, हा गुण तुझ्यात जन्मापासून होता, आता पगार मिळतो एवढंच.

पण समुद्रावरचा माणूस घरात टिकवायचा कसा? उपाय ताईनंच काढला. "समुद्रच हवाय ना तुम्हाला? मग संध्याकाळी परत येणारा घ्या," असं म्हणून तिनं आम्हा दोघांना मासेमारीला पाठवायला सुरुवात केली. दाजी रत्नागिरीकडचे, त्यांना शिकवायची गरज नव्हती. माझा आणि माशाचा संबंध ताटात यायचा तेवढाच होता.

भाड्यानं मासेमारीला नेणाऱ्या हेंग अंकलची बोट चांगीच्या बाजूनं पहाटे निघायची. अंकल सत्तरीचा, बोलणं कमी आणि हुकूम जास्त. त्याचा पहिला हुकूम म्हणजे सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या डब्यात. कारण त्याची जागा. पूर्वेकडे दीपगृहाच्या बरंच पुढे समुद्राचा तळ सपाट आहे, मैलोगणती पाटासारखा, आणि त्यात एकाच ठिकाणी काहीतरी वर आलेलं आहे. अशा उंचवट्याभोवती बारीक मासळी जमते, बारीक मासळीमागे गेदर येतात. इंग्रजीत टूना. अंकलला ही जागा त्याच्या बापाकडून मिळाली होती आणि ती कुणाच्या फोनमध्ये जाऊ नये म्हणून तो डब्याचं झाकण लावून वर स्वतः बसायचा. बोटीच्या नकाशाच्या पडद्यावरही टॉवेल टाकलेला.

दुसरा पडदा मात्र उघडा असायचा. तो साउंडर, खालचं चित्र दाखवणारा. त्यावर तळाची जाड रेघ सरकत यायची आणि अंकलच्या जागेवर ती एकदम चढायची, वरून सपाट व्हायची आणि पुन्हा उतरायची.

"जहाज आहे का बुडालेलं?" मी एकदा विचारलं.

अंकल म्हणाला, "नो नेम. चार्टमध्ये नथिंग. फिश लाइक, कॅन ऑलरेडी."

माशांना आवडतं ना, मग झालं. मलाही ते पटलं होतं.

२

त्या शनिवारी जाताना बोटीच्या पंख्याच्या शाफ्टमधून घरघर येत होती. मला ऐकूही आली नाही, पण दाजी अस्वस्थ. जागेवर पोचल्यावर अंकलनं इंजिन बंद केलं, बोट हळूहळू वाहू लागली, आम्ही गळ सोडले. दाजींनी मात्र हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, फळी उचलली, टोक शाफ्टच्या खोबणीला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. जहाजावरचे इंजिनियर असंच ऐकतात म्हणे. डॉक्टरची नळी परवडली, ही मूठ कान फोडते.

"दाजी, मेलेल्याची नाडी काय बघताय? इंजिन बंद आहे."

ते हसले नाहीत. बोटानं गप्प राहायची खूण केली. बराच वेळ तसेच बसले. मग मला जवळ बोलावलं आणि मूठ माझ्या कानामागे धरली.

आधी नुसती तडतड ऐकू आली, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी. ती मला माहीत होती. इथल्या समुद्रात एक बारकी कोळंबी असते, ती नांगी वाजवते, असं मी वाचलं होतं. तसं सांगणार तेवढ्यात तडतडीच्या मागून आणखी काहीतरी आलं. लांबून, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. ठक, ठक, ठक. मग काही नाही. मग पुन्हा तितकंच.

"कोळंबी," मी म्हणालो.

"कोळंबी मोजून वाजवते का रे?"

"साखळी असेल तळाला. लाटेनं हलत असेल."

"लाट कुठाय?"

खरंच नव्हती. समुद्र तेलासारखा पडला होता. दाजींनी माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पुन्हा ऐकलं, आणि मी काही बोलायच्या आत डाव्या हातानं पाना उचलून शाफ्टच्या पितळी झाकणावर तीनदा ठोकला. विचार करून केलं असं वाटलंच नाही. कुणी शिंकलं की आपण 'सत्य आहे' म्हणतो, तसं झालं ते.

अंकल वरून ओरडला. "ए! डोन्ट नॉक लाह! यू नॉक, लेटर हू ओपन?"

दाजी ऐकतच होते. "थांबलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "एकच ठोका आला."

तेवढ्यात माझी रीळ किंचाळायला लागली. मग बोटीच्या चारी बाजूंनी पाणी उकळल्यासारखं झालं आणि गेदर उड्या मारायला लागले. असे गेदर मी जन्मात पाहिले नव्हते. मी ओढत होतो, अंकल ओढत होता, बर्फाची पेटी भरली, हात भरून आले. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये म्हणतात, पण ती म्हण करणाऱ्यानं गेदर पाहिले नसावेत. दाजींनी एकही गळ टाकला नाही. परतताना ते मागच्या कडेला बसून आलो त्या दिशेकडे बघत होते, आणि मला वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल.

३

बेडोकच्या त्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरून गोट्या पडल्याचा आवाज यायचा. सिंगापूरमध्ये सगळ्याच इमारतींत येतो. वर कुणी राहत नसलं तरी येतो. पाण्याच्या पाइपांमुळे होतं असं लोक सांगतात आणि कुणी लक्ष देत नाही. दाजींनीही वर्षभर दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो तर ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेले, सिंकखालच्या पाइपाकडे तोंड करून, हातात पळी.

वल्लरी टेबलावरून म्हणाली, "मामा, पपा पाइपवर नॉक करतात. एव्हरी डे. डाउनस्टेअर्स आंटी कम्प्लेन ऑलरेडी. सो पैसेह, यू नो?" पैसेह म्हणजे लाज वाटण्यासारखं. ती अकरा वर्षांची होती, त्या वयात सगळंच पैसेह असतं.

जेवताना दाजी नीट बोलले. गेदरचं कालवण झालं होतं, त्यांनी दोनदा घेतलं. पण वर गोटी पडली की त्यांचा घास थांबायचा, आणि मग ते डाव्या हातानं टेबलावर हळूच ठोकायचे. ताई ते बघत होती. ते हात धुवायला गेले तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "बारा वर्षांनी माणूस घरात आला रे. आता माझ्या स्वयंपाकघरात बसलाय आणि तरी घरात नाही. जहाजावर असताना निदान वाट तरी बघता यायची."

"बोलतो मी त्यांच्याशी."

"बोलू नकोस, प्रबोध. काहीतरी कर. परत जहाज धरलं ना यांनी, तर या वेळी मी फोन नाही उचलायची."

ती रागानं म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. दाजींना घरात ठेवायची युक्ती तिची होती आणि तिच्याच युक्तीनं ते घरातून निसटत होते.

४

आमची ऑफिसं जवळजवळ होती. मी दाजींना दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरला गाठलं. त्यांनी माशाचं सूप घेतलं होतं आणि ते गार होत होतं.

"दाजी, जहाजावर कधी कुणी दगावलं होतं का? म्हणजे तुमच्यासमोर?"

ते हसले. "तुला गोष्ट हवीय. नाही रे. माझ्या कुठल्याच जहाजावर कधी काही झालं नाही. नशीबवान माणूस आहे मी."

"मग हे काय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे बघ. जहाजाच्या पोटात टाक्या असतात. तेलाच्या, पाण्याच्या. कधीकधी माणसाला आत उतरावं लागतं. तोंड एवढंसं, खांदे तिरके केल्याशिवाय जाता येत नाही. आत अंधार, हवा खराब असू शकते. म्हणून तोंडाशी एक माणूस उभा करतात. त्याला काम काहीच नाही. आतला अधूनमधून ठोकतो, हा बाहेरून ठोकतो. म्हणजे मी आहे. आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्यानं जागा सोडायची नाही. जेवण नाही, लघवी नाही, काही नाही. मी पोरगा असताना पहिलं काम हेच शिकलो. आणि प्रबोध, आत असताना बाहेरून तो ठोका येतो ना..." ते थांबले. "तेवढ्यावर माणूस आत राहू शकतो."

"पण तिथं टाकी नाहीये. तळावर काहीतरी पडलंय. पिंप असेल, तुटलेला तराफा असेल."

"असेल. मग मी ठोकल्यावर थांबलं का?"

"योगायोग."

"असेल," ते पुन्हा म्हणाले. मला ते वाद घालत असते तर बरं वाटलं असतं. "पण मी उत्तर दिलं ना. मी आहे म्हणून सांगितलं, आणि मासे भरून घरी आलो."

आता मी टेस्टर माणूस. आमच्याकडे एक नियम आहे. कुणी चूक सापडली म्हणाला की ती पुन्हा घडवून दाखव म्हणायचं. पुन्हा घडली नाही की ती नव्हतीच, फाइल बंद. मला वाटलं, दाजींना परत तिथं न्यावं, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावू द्यावा, काही ऐकू येणार नाही, आणि विषय मिटेल. मला ही कल्पना इतकी आवडली की मी त्याच संध्याकाळी अंकलला फोन केला. तो आधी नाही म्हणाला. मग गेदरची आठवण त्यालाही झाली असावी. "बट युअर ब्रदर नो नॉक, हाह," एवढी अट त्यानं घातली.

५

भर दुपार होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अंधारात माणूस काहीही बघतो. ऊन असं होतं की बोटीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. समुद्र सपाट, वारा नाही. त्या दिवशी आम्ही तिघंच होतो.

जागेवर आलो. साउंडरवर तळाची रेघ चढली, सपाट झाली. अंकलनं इंजिन बंद केलं. दाजींनी फळी उचलली, स्क्रू-ड्रायव्हर लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

खूप वेळ गेला. "काही नाही," ते म्हणाले. "नुसती तडतड."

मला हायसं वाटलं. इतकं, की मी गळसुद्धा बांधायला घेतला. तेव्हा लांबवर पाणी फुटलं. गेदर वर आले होते, पण बोटीजवळ नाही. आमच्याभोवती मोठं वर्तुळ धरून ते उड्या मारत होते आणि आत एकही येत नव्हता. जत्रेत डोंबाऱ्याभोवती माणसं जागा सोडून उभी राहतात, तसं मधलं पाणी मोकळं होतं.

"हू जिगिंग?" अंकलनं विचारलं.

जिग म्हणजे शिशाचा चकचकीत तुकडा. तो पाण्यात सोडला की साउंडरवर त्याची तिरकी रेघ दिसते, खाली जाणारी. मी माझी रॉड दाखवली, ती कोरडी होती. दाजींच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. अंकल पडद्याकडे बघत होता म्हणून मीही गेलो.

रेघ होती. ती उंचवट्याच्या सपाट भागातून निघाली होती आणि वर येत होती.

मी स्वतःला सांगितलं, मासा आहे. मग सांगितलं, बुडबुडे आहेत, गॅस असतो तळात. पण बुडबुडे सरळ वर येतात. हे थोडं वर यायचं, थांबायचं. पुन्हा थोडं यायचं, थांबायचं. उंच शिडी चढताना दमलेला माणूस करतो तसं. प्रत्येक थांबा आधीच्यापेक्षा लांबत होता. आम्ही दोघं उभे राहून ते बघत होतो.

"दमलाय," दाजी मागून म्हणाले. त्यांना पडदा दिसत नव्हता.

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला लागली. म्हणजे बोटीच्या खाली. आणि मग ठोके आले. या वेळी स्क्रू-ड्रायव्हरची गरज नव्हती. माझ्या तळपायांना ते जाणवले, फळीच्या खालून, हळू, घाईत नसल्यासारखे. तीन.

दाजी कठड्यावरून वाकले आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. मी धावलो. त्यांच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय कठड्याला टेकवले, नाहीतर ते गेलेच असते. त्यांच्या खांद्यावरून मला पाणी दिसत होतं. हिरवं, उन्हानं आरपार उजळलेलं. त्यात काहीतरी फिकट होतं. बोटं उघडी होती. मनगट होतं, आणि मनगटाला बंद केलेली बाही होती असं मला वाटतं. त्याच्या खाली काय होतं ते बोटीच्या सावलीत होतं.

तेवढ्यात अंकलनं इंजिन चालू केलं. कुणाला न विचारता, पूर्ण वेगानं. मी आणि दाजी बोटीत मागे फेकले गेलो. मी उठून बघितलं तेव्हा मागे नुसता फेस होता आणि त्या मोकळ्या पाण्यात गेदर परत शिरत होते.

अंकलनं चांगीपर्यंत वेग कमी केला नाही. दाजी आपला ओला हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांना टॉवेल दिला, तो त्यांनी घेतला नाही.

६

गेदरचं पोट पांढरं असतं. पाण्यात प्रकाश वाकतो. दोन आठवडे नीट न झोपलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहिलं की त्याचं आपल्यालाही लागतं. हे सगळं मी लिहून काढलं नाही, पण मनात इतक्यांदा म्हटलं की पाठ झालं.

दाजी मात्र बरे झाले. खुर्ची स्वयंपाकघरातून हलली. वर गोट्या पडायच्या, ते मान वर करायचे नाहीत. वल्लरीला गणित शिकवायला लागले, ताईला घेऊन पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवून आले. ताईनं मला फोन करून सांगितलं, "काय केलंस रे? जादूच केलीस." मी म्हणालो, "काही नाही, जरा समुद्राची हवा लागली." मला तेव्हा खरंच वाटलं, की मिटलं.

एकदा मी हेंग अंकलला फोन केला. त्या जागेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "दॅट वन? डिलीट ऑलरेडी." बापाकडून आलेली जागा त्यानं पुसून टाकली होती, आणि आमचे फोन तर डब्यात होते. मी ठीक आहे म्हणालो आणि ठेवून दिला. आता वाटतं, तेव्हा त्याला दिशा तरी विचारायला हवी होती.

दिवाळीनंतर दाजींनी सांगितलं की ते परत जहाज धरतायत. ताई भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं त्यांची बॅग भरली, चकल्या दिल्या, थर्मास दिला. बारा वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते.

विमानतळावर सगळे गेलो होतो. वल्लरी काचेपाशी विमानं बघत होती, ताई तिच्यामागे उभी. मी दाजींना जरा बाजूला घेतलं. मला राग आला होता आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

"इथं काय कमी आहे तुम्हाला? ताईकडे बघवत नाही. तिनं काय करायचं?"

"जहाजावर कुणी ठोकलं तर कळतं रे, कुठून ठोकलं. जाऊन बघता येतं."

"तिथं कुणी नव्हतं, दाजी. आणि असतं तरी तुम्ही काय करणार होतात? मी धरलं नसतं तर तुम्ही गेला होतात. अंकलनं इंजिन चालू केलं, तो बरोबर होता."

"बरोबरच होता. तूही बरोबर होतास." ते ताईकडे बघत होते. "तुला वाटतं, इंजिन चालू झालं म्हणून तो हात माझ्या हातातून सुटला."

"म्हणजे?"

"मी त्याच्या आधी सोडला."

 त्यांनी उजवा हात उघडला आणि तळव्याकडे बघितलं.

"माझ्या हातात होता तो, प्रबोध. पूर्ण. त्यानंही धरला होता. मला वाटलं होतं, थंड असेल. मी त्याची तयारी केली होती. थंड असता तर ओढला असता मी वर, काय असेल ते असो." त्यांनी मूठ मिटली. "गरम होता रे. घाम आलेल्या माणसाचा असतो तसा. मी घाबरलो आणि सोडला."

त्यांच्या विमानाची वेळ झाली. त्यांनी वल्लरीच्या डोक्यावरून हात फिरवला, ताईला काहीतरी सांगितलं आणि आत गेले. वळून बघितलं नाही.

ताई माझ्याजवळ आली. "काय म्हणत होते इतका वेळ?"

"काही नाही," मी म्हणालो. "पोचलो की फोन करतो म्हणाले."

"उचलते मी," ताई म्हणाली, आणि आम्ही तिघं एमआरटी स्टेशनकडे चालायला लागलो.